निळी फीत

ऑपरेशन थिएटरच्या नर्सने खिडकीच्या काचेवर टकटक केले. तिच्या हातात निळ्या फितीचा तुकडा लोंबत होता.

"ताई, हे गाठोडं तुमचंच ना?"

"निळी फीत म्हणजे माझंच. का गं?" आदल्या दिवशी दाढ काढल्यामुळे ताईंचा एक गाल सुजला होता. शब्द जड निघत होते.

"आत चिमटा नव्हता. रक्तवाहिनी धरायचा. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि मी ट्रेमध्ये शोधत बसले. दुसरं गाठोडं फोडलं म्हणून निभावलं. पेशंट ठीक आहे, पण मेट्रनबाई जाम भडकल्यात. कुणी बांधलं ते दुपारपर्यंत कळवा म्हणाल्यात. त्या बाईला आजच घरी बसवणार."

खिडकी बंद झाली. टेबलाभोवतीच्या बायकांचे हात थांबले होते.

ताई काल रजेवर होत्या. म्हणजे ते गाठोडे त्यांनी बांधलेले नव्हते. हे त्यांना ठाऊक होते आणि त्या खोलीतल्या प्रत्येकीलाही.

या खोलीतले काम तसे सांगायला सोपे. शस्त्रक्रियेनंतर धुऊन आलेली उपकरणे मोजायची, हिरव्या कापडात गुंडाळायची, फितीने बांधायची आणि वाफेच्या यंत्रात द्यायची. प्रत्येकीच्या फितीचा रंग वेगळा. थोरल्या मावशींची पांढरी, बारकीची पिवळी, ताईंची निळी. गाठोडे कुणाच्या हातचे ते लांबूनच ओळखू यावे, म्हणून ही पद्धत.

ताई इन्चार्ज झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी बारकीचे एक गाठोडे सोडून पाहिले. कात्री उलटी ठेवलेली होती. ती सरळ करून त्यांनी पुन्हा बांधले, तेव्हा हाताशी निळी फीत होती. मग रोज एखादे सोडून पाहू लागल्या. मग सगळीच. "राग मानू नका गं, मला सवयच आहे," असे म्हणत त्या हसायच्या. चूक क्वचितच सापडायची, पण फीत मात्र निळीच बांधली जायची. पुढे पुढे बायका आपणहून निळी फीत बांधून गाठोडी त्यांच्यापुढे सरकवू लागल्या. बाकीचे रंग खणात गुंडाळून पडले. ताईंना तो आपला मान वाटला होता.

"काल मोठ्या शस्त्रक्रियेचं गाठोडं कुणी बांधलं?" ताईंनी विचारले.

थोरल्या मावशी चष्मा पुसू लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

"मी," बारकी म्हणाली. बारकी खोलीत सगळ्यांत उंच. कामाला लागली तेव्हा वयाने लहान होती म्हणून हे नाव पडले आणि तसेच चिकटले. अजून ती कायम झालेली नव्हती. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेले. ऑर्डर आता कधीही येईल, असे सगळे म्हणत होते.

"मोजलं नव्हतंस?"

"नाही."

"अगं, पण का?"

"तुम्ही मोजता ना."

"मी रजेवर होते, बारके."

"ते माहीत होतं हो. पण हाताला कुठे माहीत होतं? गाठ मारली, तुमच्या जागेपुढे सरकवलं. पुढचं घेतलं." तिचा आवाज खाली गेला. "तुमची खुर्ची रिकामी होती, तरी सरकवलं."

थोरल्या मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ताई, तू रागावशील, पण सांगते. मीही मोजत नाही हल्ली. कशाला मोजू? माझं मोजलेलं तुला एकदाही पटलं नाही."

"असं कधी म्हटलं मी?"

"म्हणायला कशाला हवं? सोडून बघायचीस की."

ताई खुर्चीवर बसल्या. गालात ठणकत होते. घरी लेक एकदा हेच म्हणाली होती. "आई, मी घातलेली चादरीची घडी तू परत का घालतेस?" ताई म्हणाल्या होत्या, "तुझे कोपरे जुळत नाहीत म्हणून." त्यानंतर लेकीने चादरीला हात लावला नाही, आणि ताई शेजारणीला कौतुकमिश्रित तक्रारीने सांगत राहिल्या, माझ्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही हो.

दुपारी त्या मेट्रनच्या खोलीत गेल्या. निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक ओरखडा नव्हता.

"बसा," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्ही रजेवर होतात, मी पाहिलंय. तुमचा काही प्रश्नच नाही. नाव सांगा आणि मोकळ्या व्हा."

"बारकीनं बांधलं."

"संपलं तर मग."

"नाही संपलं. न मोजायला मी शिकवलं तिला."

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवले. "असं कुणी शिकवतं का?"

"तोंडानं नाही शिकवलं. पण रोज शिकवलं. तिनं मोजायचं आणि मी तिच्यासमोर सोडायचं. कुणाला वाटेल मोजावंसं? तिला काढलंत तर नवी येईल. तिलाही मी हेच शिकवीन, कारण मला दुसरं येतच नाही अजून."

"म्हणजे चूक तुमची, असं धरायचं?"

"चूक तिचीही आहे. ती तिला माहीत आहे, सकाळपासून जेवली नाही ती. पण आम्हा दोघींची म्हणून धरा."

मेट्रनबाईंनी पेन पुन्हा उचलले. मग म्हणाल्या, "तिची ऑर्डर पुढे ढकलते. आणि तुमच्या नावावर ठपका येईल. जाता जाता बरं दिसतं का ते?"

"नाही दिसत," ताई म्हणाल्या. "पण येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खणातून सगळे रंग बाहेर आले. बारकीने पहिल्या शस्त्रक्रियेचे गाठोडे बांधले. ओठ हलवत मोजले, पुन्हा पहिल्यापासून मोजले, पिवळ्या फितीची गाठ मारली आणि सवयीने ताईंपुढे सरकवले.

ताईंची बोटे गाठीपर्यंत गेली. खोलीत कुणी वर पाहिले नाही, पण सगळ्या ऐकत होत्या.

"मोजलंस?"

"मोजलं."

"मग माझ्याकडे काय ठेवतेस? यंत्रात दे."

बारकी गाठोडे उचलून गेली. थोरल्या मावशी पुटपुटल्या, "दाढेबरोबर आणखी काय काय काढलं गं त्या डॉक्टरनं?" बायका हसल्या. ताईंनाही हसू आले. गाल दुखला.

गाठोडे वाफेतून निघाले, थंड झाले, थिएटरमध्ये गेले. ताईंना टेबलापाशी बसवेना. कुणाच्या कामात हात घालायचा नाही म्हटल्यावर हातांचे काय करावे ते कळेना. त्या बाहेर आल्या. थिएटरच्या दारावर लाल दिवा लागला होता. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ताई दोनदा दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"तुमचंही कुणी आत आहे का?" गृहस्थांनी विचारले.

नाही, मी इथलीच, असे म्हणायला ताईंनी तोंड उघडले होते. मग आतली पिवळी फीत डोळ्यांपुढे आली.

"हो," त्या म्हणाल्या. "आमची मुलगी आहे."

गृहस्थांनी मान हलवली आणि बाकावर थोडे सरकून त्यांना जागा करून दिली. ताई बसल्या. दोघेही दिव्याकडे पाहत राहिले.