बारावा रकाना

साठ टनांनी ओढणारं यंत्र जमिनीवर आणून ठेवलं म्हणून उभं राहत नाही. त्याला खाली काँक्रीटचा चौथरा लागतो, चौथऱ्यात पुरलेले चार बोल्ट लागतात, आणि बोल्टांभोवती ओतलेलं सिमेंट पुरतं घट्ट होईपर्यंत हात आखडून बसायचा धीर लागतो. बोल्ट कंपनी देते, धीर ज्याचा त्याने आणायचा, असं तिचे बाबा म्हणत. बाबांना जाऊन चार महिने झाले होते.

ज्या कंपनीत बाबांनी तीस वर्षं यंत्रं बसवली, त्याच कंपनीत ती नऊ वर्षं तेच काम करत होती. नऊ वर्षांत तिने साहेबांकडे काही मागितलं नव्हतं. पण एका तपासणी प्रयोगशाळेने जुनी शेड सोडली, रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत बस्तान हलवलं आणि तिथलं साठ टनी यंत्र पुन्हा बसवून द्या असं पत्र आलं, तेव्हा ती उठून साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "हे मला द्या." ते यंत्र चौदा वर्षांपूर्वी बाबांनी बसवलं होतं, आणि पुढे दर वर्षी तपासणीलाही तेच जात. त्यांनी जसं ठेवलं होतं तसंच ते पुन्हा उभं करायचं, एक स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

ती पोचली तेव्हा सिमेंट ओतून सहा दिवस झाले होते.

"इंजिनीअरबाई, आजच चालू करून टाका," प्रयोगशाळेचे मुख्य म्हणाले. त्यांनी बुटाच्या टाचेने चौथरा ठोकून दाखवला. "बघा, दगड झालाय."

"वरून झालाय. सात दिवस म्हणजे सात दिवस. उद्या."

"एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही कोसळणार. हे कोसळेल," यंत्राकडे बोट दाखवून ती म्हणाली.

मुख्य हसले नाहीत. कोपऱ्यात फडक्याने यंत्राचे जबडे पुसत बसलेला माणूस मात्र खुदकन हसला. हे तोडमामा. धातूचा तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा आणि कितीला तुटला ते लिहायचं, हेच काम त्यांनी या यंत्रावर पहिल्या दिवसापासून केलेलं. "लोक जोडायचा पगार घेतात, मी तोडायचा घेतो," असं तेच सांगत, त्यावरून नाव पडलं.

"अगदी बापावर गेलीस," ते म्हणाले. "तेही सातव्या दिवसाच्या आत बोल्टाला पाना लावू द्यायचे नाहीत. तेव्हाचे मुख्यसाहेब नुसते फेऱ्या मारायचे."

तो रिकामा दिवस तिने यंत्राची फाईल वाचण्यात घालवला. तपासणीच्या चौदा वर्षांच्या चौदा तक्त्यांवर बाबांचं अक्षर होतं, बारीक आणि किंचित डावीकडे कललेलं. प्रत्येक तक्त्यात चौदा बाबी आणि प्रत्येकीपुढे एक चौकोनी रकाना. बाकीचे लोक त्यात बरोबरची खूण करून मोकळे होत. बाबांनी जन्मात खूण केली नाही. खूण डोळे मिटूनही करता येते, आकडा लिहायचा तर बघावं लागतं, हे ते नव्या पोरांना शिकवत. कंपनीच्या प्रशिक्षणाच्या खोलीत त्यांच्या फोटोखाली हेच वाक्य लावलेलं होतं. तेलाची पातळी, तेलाचा दाब, बैठकीचा उतार, सगळीकडे आकडे. वाचताना तिला वाटलं, ते शेजारच्या खोलीत आहेत आणि एकेक आकडा ओरडून सांगताहेत.

बारावी बाब होती, 'दार उघडल्यावर पंप बंद होतो का'. यंत्राच्या पुढ्यात जाड पारदर्शक दार असतं. तुकडा तुटताना कपच्या उडाल्या तर त्या दारावर आपटाव्यात, माणसावर नाही. दार उघडं असेल तर पंप चालता कामा नये, म्हणून चौकटीत एक छोटा स्विच असतो. पहिल्या वर्षी बाबांनी त्या रकान्यात लिहिलं होतं, 'अर्धा सेकंद'.

दुसऱ्या वर्षी रकाना कोरा. तिसऱ्या वर्षीही.

तिने पहिला सोडून पुढचे तेराही तक्ते टेबलावर ओळीने मांडले. तेरा कोरे चौकोन. एखाद्या वर्षी चहाला हाक आली असेल, राहून गेलं असेल. पण राहून जाणं हा बाबांचा प्रांत नव्हता. घरात गॅस बंद केला का हे ते तीनदा बघत, आणि आई वैतागून म्हणे, "आता गॅसलाच विचारा." तेरा वर्षं त्या चौकोनांवर सह्या करणाऱ्या कोणालाही काही खटकलं नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने फाईल मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. आधी पाणसळ ठेवून बैठक दोन्ही अंगांनी बघितली, मग चार बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळले, आणि पाणसळ पुन्हा ठेवली. गाळलेलं तेल भरलं. मोटर क्षणभर चालवून उलटी फिरत नाही ना ते पाहिलं. मग मोकळा दट्ट्या, जबड्यांत काही न धरता, पंधरा वेळा वरखाली केला, कारण तेलात अडकलेली हवा दाबली जाते आणि नको त्या वेळी उसळी घेते. टाकीत बुडबुडे यायचे थांबले तेव्हा नळ्या बघायची वेळ आली. तिने हात पुढे करायच्या आधीच मामांनी पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरला.

"गळती हातानं शोधायची नाही," ते म्हणाले. "सुईएवढी धार कातडीच्या आत शिरते. तुझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून पुठ्ठा खिशात असतो माझ्या. बायको म्हणते, पाकीट विसराल पण पुठ्ठा नाही."

पुठ्ठा कोरडाच राहिला. लाल बटण दाबून यंत्र थांबतं ते बघून झालं. अकरावी बाब लिहून ती बाजूला सरकून उभी राहिली. जबडे रिकामे, दाब अगदी कमी. तिने पंप चालू केला आणि एका बोटाने दार उघडलं.

पंप चालूच राहिला.

तिने दार लावलं, पुन्हा उघडलं. पंप आपला चालूच. मामा जबडे पुसायला लागले. ते मघाशीच पुसून झालेले होते.

तिने पंप बंद केला, भिंतीवरचा मुख्य स्विच खाली ओढला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग चौकटीतल्या डबीचे दोन स्क्रू काढले. आत स्विचच्या दोन टोकांना परस्पर जोडणारा लाल वायरीचा बोटभर तुकडा होता. दार उघडं असो की बंद, यंत्राला ते सदा बंदच वाटावं अशी सोय. वायरीला तीन पीळ, अगदी सारखे, आणि टोक आतल्या बाजूला वळवलेलं, पुढेमागे कोणी डबी उघडली तर बोटाला टोचू नये म्हणून.

असा पीळ द्यायला ती नऊ वर्षांची असताना शिकली होती, घरातल्या जेवणाच्या टेबलावर.

मग फडकं बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्यासाठी केलं त्यांनी," मामा म्हणाले.

"काय झालं होतं?"

"मी नवीन होतो. दिवसाला ऐंशी तुकडे तोडायचे. दर तुकड्याला दार उघडलं की पंप बंद, पुन्हा चालू करा, पुन्हा काटा शून्यावर आणा. चाळीस सेकंद जायचे. माझे सत्तरच व्हायचे. साहेब म्हणाले, पहिल्या तारखेपासून येऊ नका. घरात धाकटी चौथीत. तुझे बाबा तपासणीला आले होते, त्यांच्यासमोर रडलो मी. खोटं कशाला सांगू." मामांनी नाक ओढलं. "म्हणाले, महिनाभर ठेव, हात बसला की काढून टाकू."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मीच म्हटलं, राहू द्या. ते गप्प. त्याच्या पुढच्या वर्षीही गप्पच. सगळं तपासायचे, या डबीपाशी आले की थांबायचे आणि पुढे जायचे."

तिची नजर मामांच्या डाव्या भुवईवर गेली. भुवई मधोमध चिरलेली होती, तेवढ्या जागी केस नव्हते. ते तिने कालच पाहिलं होतं, विचारलं नव्हतं.

"हे यानंच?"

"नऊ वर्षं झाली. डोळा वाचला. त्यांना म्हटलं, कपाटाच्या दारावर आपटलो."

"पटलं त्यांना?"

"त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही." मामांनी वर बोट केलं. चौकटीच्या माथ्यावर दोन हुक होते, रिकामे. "आठवड्यानं स्वतःच्या खर्चानं जाड प्लास्टिकचा पत्रा कापून घेऊन आले. दार उघडं असलं तरी हा मध्ये राहील म्हणाले. वर्षभर वापरला मी. मग ओरखडे पडून पांढरा झाला, दिसेना. काढून ठेवला."

तिला रागवायचं होतं. पण ज्याच्यावर रागवायचं तो माणूस जगात नव्हता, आणि जो समोर होता त्याने पुठ्ठ्याचा तुकडा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. वायर काढली असती तर मामांची नोकरी गेली असती, ठेवली तर डोळा जाण्याची भीती. यातून बाबांनी एक प्लास्टिकचा पत्रा शोधून काढला होता. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचा एकदा पाय वाकडा पडला आणि मग तेरा वर्षं तो त्या वळणाशी येऊन उभा राहायचा, मागे फिरायचा नाही. फक्त खोटं लिहायचा नाही. रकाना कोरा सोडायचा आणि कोणीतरी विचारेल याची वाट बघायचा. की आपण आपल्या सोयीचा अर्थ लावतोय, असंही तिला वाटून गेलं. विचारायला माणूस नसला की सगळी उत्तरं आपल्यालाच द्यावी लागतात.

"पोरी," मामा हळूच म्हणाले. पहिल्यांदाच 'पोरी' म्हणाले. "काढून टाक आणि गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिकडे कंपनीत त्यांचा फोटो लावलाय म्हणतात. गेलेल्या माणसाचं नाव कशाला काढायचं? मला वर्षच राहिलंय, सत्तर तर सत्तर. बोलणी खाईन."

आणि ते सोपं होतं. दोन स्क्रू, बोटभर वायर, खिसा. रकान्यात 'अर्धा सेकंद' लिहून ती संध्याकाळच्या गाडीने घरी गेली असती, आणि आईने विचारलं असतं की सगळं होतं ना यांच्यासारखंच, तर हो म्हणाली असती.

पण बाबांनी आयुष्यात शंभरावर यंत्रं बसवली होती. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी नवीन असणार, कोणाचे तरी सत्तरच होत असणार. तिथल्या डब्यांत काय आहे हे एकाच माणसाला माहीत होतं आणि तो आता सांगायला नव्हता.

"मामा, तुमची धाकटी आता काय करते?"

"नोकरीला लागली. औषधाच्या कारखान्यात." ते थोडे गोंधळले. "यंत्रावरच असते."

"तिच्या यंत्राला दार आहे?"

मामांनी खिशातून छोटी पक्कड काढून तिच्या हातात दिली.

तिने वायर कापली नाही, पीळ एकेक करून सोडवले. स्विचच्या मूळ वायरी घट्ट बसवल्या, डबी लावली, किल्ली काढून कुलूप उघडलं, पंप चालू केला. "उघडा," ती म्हणाली. मामांनी दार उघडलं. हॉल एकदम गप्प झाला, इतका की बाहेर कोणीतरी खुर्ची ओढली ते ऐकू आलं. तिने तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

मुख्य सहीसाठी आले तेव्हा तक्ता भरून तयार होता. त्यांनी शेवटचा शेरा वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे वायरीचं कशाला लिहिलंत? आणि 'वडिलांनी जोडली' वगैरे?"

"नाव लिहिलं नसतं तर तुमच्या माणसावर आलं असतं."

"आणि हे, रोज सत्तरच तुकडे?"

"दार लावून सत्तरच होतात. ऐंशी हवे असतील तर आणखी एक माणूस द्या. ते पण लिहिलंय, खाली."

"तुमच्या कंपनीला हे आवडेल का?"

"नाही," ती म्हणाली.

मुख्यांनी सही केली. जाता जाता मामांकडे बघून म्हणाले, "काय तोडमामा, तुम्हीही यात?" मामा म्हणाले, "पहिल्यापासून, साहेब."

ती बाहेर पायरीवर बसली आणि कंपनीच्या कचेरीत फोन लावला. बाबांनी बसवलेल्या सगळ्या यंत्रांची यादी हवी, असं सांगितलं.

"सगळ्या?" पलीकडची कारकून बाई म्हणाली. मग तिचा आवाज मऊ झाला. "हो हो, वार्षिक अंकात त्यांच्यावर लेख आहे ना. त्यासाठीच का?"

"नाही. मला दारं बघायची आहेत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पहिल्यापासून वाचू?"

"वाचा," ती म्हणाली, आणि तक्त्याची पाठकोरी बाजू गुडघ्यावर धरून लिहायला लागली.