एरंडेलाची गल्ली

पहिल्या स्लाइडवर तेलाचे गोल थेंब, दुसरीवरही, तिसरीवरही. मी जंतांची अंडी शोधायला बसले होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तळणीची कढई उपडी केल्यासारखं दिसत होतं.

बी.एस्सी.नंतरचं हे माझं पहिलं काम: सुरतेच्या डिंडोली भागातल्या एका गल्लीतल्या मुलांची शौच तपासणी. निम्म्यांहून जास्त मुलांत अंडी सापडली, तर आमची संस्था अख्ख्या गल्लीला जंताच्या गोळ्या देणार होती. ही पोरं उघड्या गटाराकाठी बसत, तिथेच खेळत. पोटं फुगलेली, पापण्या आतून पांढऱ्या. अंडी असणारच होती.

मी थेट गल्लीत गेले. शोभाबाई दारात साड्यांचे धागे कापत बसल्या होत्या.

"मावशी, शौचाची डबी देण्याआधी पोरांना काय पाजलंत?"

"एरंडेल. समद्यास्नीच पाजं."

"कशाला?"

"तुमना सायब तपासणार ना? पाव्हणा येणार म्हटलं का घर झाडतस, बेन. घान तशीच धाडू का?"

शेजारच्या प्रमिलाबाई हसल्या. "आमचं कार्टं अजून गटारावरून उठेना."

"तेलामुळे अंडी दिसत नाहीत," मी म्हणाले. "जंत आत तसेच राहतात. परत डब्या द्या."

"एकदा दिल्या ना? आता रोज वास घेणार का?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

एकट्या सोनालीने, शोभाबाईंच्या मुलीने, एरंडेल थुंकून टाकलं होतं. तिच्या स्लाइडवर जिथे पाहावं तिथे अंडी.

भूपेंद्रभाईंना, आमच्या साहेबांना, मी म्हणाले, "बाकीचे नमुने बाद धरा."

"अरे बेन, नाही दिसलं म्हणजे नाही. जिला आहे तिला गोळी दे."

"एकटीला देऊन काय उपयोग? त्याच गटारातून तिला पुन्हा होईल."

ते चहा प्यायला लागले.

मी गोळी घेऊन गेले तेव्हा नळावर बायका होत्या.

"फक्त आमलेच?" शोभाबाईंनी विचारलं.

"बाकीच्यांत दिसलं नाही."

"म्हणजे आमची पोरं चोख निघाली," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि आपल्या पोराला सोनालीजवळून ओढून घेतलं.

शोभाबाईंनी गोळी माझ्या तळहातावर परत ठेवली. "डबी बदलनी व्हई, दुसरानी व्हई ती. आमनी पोरले काहीच नई."

"मावशी, तिचे ओठ बघा, कसे पांढरे पडलेत. तेल पाजल्यामुळे बाकीच्यांचं..."

"काहीच नई म्हटलं ना."

सोनालीला आत घेऊन त्यांनी दार लावलं. मी दाराबाहेरून पुन्हा समजावू लागले. नळावर कुणीतरी हसलं.