खडावांची पेटी आणि मी

मित्रांनो, मी जुनी झाले, पण माझा मत्सर अजून कोरा करकरीत आहे. मी एक काचेची सिरिंज आहे. दवाखान्याच्या कपाटात वरच्या फळीवर कापसाच्या गादीवर पडून असते. इथून बाजूचं दार दिसतं आणि दाराशी ठेवलेली ती पेटी दिसते. बांगडा मासळीच्या खोक्याच्या फळ्या ठोकून केलेली, एका अंगाला कललेली, चामड्याच्या बिजागरीची. तिच्यावाचून माझी गोष्ट सांगता आली असती तर किती बरं झालं असतं!

माझा जन्म मोठ्या शहरातल्या काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीच्या आगीतून मी निघाले. माझा दट्ट्या माझ्याच मापाने घासून घासून बसवला, आणि दोघांवर एकच आकडा कोरला, चारशे सतरा. म्हणजे दुसरीचा दट्ट्या मला चालायचा नाही. पेंढ्यात गुंडाळून मला उत्तरेच्या या बंदरात पाठवलं. महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती. पेनिसिलिन नावाचं औषध नुकतंच सगळीकडे मिळू लागलं होतं, आणि ते माणसाच्या अंगात पोचवायचं काम माझं होतं.

दवाखाना डॉक्टर कुरोइवांचा. म्हातारे, कानाने मंद, हाताने स्थिर. पण खरा कारभार तोमे-सान या नर्सबाईंचा. त्या मला रोज उकळत, सुया दगडावर घासून टोकदार करत, सुईच्या पोटातून बारीक तार फिरवत. हे करताना देवळात ऐकलेलं प्रवचन गुणगुणत. आमच्या देवळातले प्रवचनकार बोलता बोलता गाऊ लागतात. गाता गाता श्रोत्यांना रडवतात, आणि डोळे पुसेपर्यंत हसवतात. त्यांचं एक पालुपद तोमे-सानच्या ओठांवर सारखं असे:

‘आधी हात दे गड्या, मग दिवा दाव.’

मला वाटे, हे माझंच स्तोत्र आहे. या खोलीत दिवा म्हणजे मी. दुसरं कोण?

आमच्या बाजूच्या दाराने येणारी माणसं मान खाली घालून येत. त्यांचा आजार उपदंश. त्याच्याविषयी सरळच सांगते, कारण कुजबुजीने त्याचं नेहमीच फावलं आहे. शरीरसंबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आधी एक न दुखणारा व्रण येतो आणि आपोआप भरून निघतो. माणसाला वाटतं, गेलं. ते गेलेलं नसतं, रक्तात दडून बसलेलं असतं. बाई गरोदर असली तर ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. पण वेळेवर आणि पुरतं औषध घेतलं तर तो बरा होतो, आणि बाळही वाचतं. ‘पुरतं’ हा शब्द तोमे-सान टेबलावर बोट आपटून म्हणत.

आता त्या पेटीचं सांगते. आमच्याकडे पायातलं दाराशी काढूनच आत यायचं. आणि लहान बंदरात कुठल्या खडावा कुणाच्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पट्ट्याचा रंग, टाचेची झीज, एवढं पुरे. त्यात इंजेक्शन दिल्यावर रोग्याला अर्धा तास बसवून ठेवायचं, औषध मानवतं की नाही ते पाहायला. म्हणजे अर्धा तास खडावा दाराशी ओरडून सांगणार, की आत अमुक बसली आहे. या भीतीने बायका येईनाशा झाल्या. तेव्हा तोमे-साननी ती पेटी ठोकून घेतली. आलेल्याच्या खडावा त्या स्वतः उचलत, पेटीत ठेवत, झाकण लावत, आणि मगच नाव विचारत.

बायका बऱ्या होऊन जाताना त्या पेटीला हात लावून नमस्कार करत. एकीने तर तिच्यावर पर्सिमनची दोन फळं ठेवली. माझ्याकडे पाहून मात्र तोंड फिरवत. टोचणारी ती वाईट, आणि पायांचा वास पोटात घेऊन बसणारी ती पुण्यवान! सवत परवडली असती, तिला बांगड्यांचा वास तरी नसता.

त्या शरद ऋतूत हिसाए आली. पंचविशीची, पाचवा महिना लागलेला. नवरा तात्सुझो माकूळ मासळी पकडणाऱ्या होडीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. रक्त तपासलं, त्यात उपदंश निघाला. डॉक्टरांनी रोज एक अशी दहा इंजेक्शनं सांगितली. नवऱ्यालाही आणायला सांगितलं, नाहीतर बरं झालेलं पुन्हा व्हायचं. हिसाए हो म्हणून मान हलवत राहिली. सासूला, मात्सु आजींना, तिने सांगितलं की दुपारी देवळात प्रवचनाला जाते.

तीन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी तोमे-सान आत पट्टी बांधत असताना डॉक्टरीणबाई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, बाजूच्या दाराने आल्या. मोठ्या घरच्या, फार रीतीच्या बाई. पाहुणीच्या खडावा खोक्यात कोंबलेल्या पाहून त्यांना लाज वाटली. त्यांनी त्या काढल्या, पुसल्या, आणि आमच्या रीतीप्रमाणे टोकं बाहेर करून उंबऱ्याखाली मांडून ठेवल्या. पाहुणीला निघताना वळावं लागू नये म्हणून. यात त्यांचं काही चुकलं असं आमच्या गावात कुणी म्हणणार नाही.

गल्लीतून मात्सु आजी पाठीवर मासळीची टोपली घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. डाळिंबी पट्ट्याच्या त्या खडावांकडे बघत राहिल्या.

“हा पट्टा मी शिवलाय, नववर्षाला,” त्या दारातून म्हणाल्या. “सून म्हणे देवळात आहे. मग हे पाय तेवढे इथं कसे आले?”

तोमे-सान बाहेर गेल्या. “आजी, इथं कोण येतं ते मी कुणाला सांगत नाही. उद्या तुम्ही आलात तरी सांगायची नाही.”

“मी कशाला येऊ? बंदरावरच्या त्या बायकांचं दार हे.”

मित्रांनो, खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. बरी खोड मोडली, म्हटलं. पुण्यवान पेटीची अब्रू गेली. आता कळेल सगळ्यांना, कामाची कोण ते.

चौथ्या दिवशी तोमे-साननी मला उकळून, पुसून तबकात ठेवलं. हिसाएची कुपी शेजारी. दुपार झाली. कुपीतलं दाट औषध खाली बसलं, वर तेल आलं. दार वाजलं नाही. मी थंड होत गेले. आणि पहिल्यांदाच मला कळलं, की दारातून कुणी आलंच नाही तर मी नुसती काच आहे.

डॉक्टरीणबाईंना झाला प्रकार कळला तेव्हा त्या जेवल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी तोमे-साननी मला पत्र्याच्या डबीत घालून कापडात बांधलं आणि निघाल्या. पण त्यांचे पांढरे बूटही अख्ख्या बंदराच्या ओळखीचे. ते हिसाएच्या दाराशी दिसले असते तर तिच्या अब्रूची उरलीसुरली राखही उडाली असती. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या खडावा पुढे केल्या. पांढरे बूट पेटीत गेले. डॉक्टरीणबाई माकूळ विकत घ्यायला आल्या, एवढंच लोकांनी समजावं. माझ्या मत्सराला तिथेही मीठ लागलंच. मी वाटेवर हिंदकळत, आणि ती पेटी दाराशी बसून उपयोगाची!

सासू वाळवणावर गेली होती. हिसाए चुलीपाशी तांदूळ धूत होती. आजींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. होडी परत आली की मुलाला सांगून तुला माहेरी पाठवते, एवढंच म्हणाल्या होत्या.

“मी काही केलं नाही बाई,” हिसाए म्हणाली. “पण हे त्यांच्याकडून आलं असं सांगू कसं? ते घरातला कर्ता माणूस. माझी अब्रू गेली तर गेली.”

“अब्रूचं मागाहून बघू,” तोमे-सान म्हणाल्या. “पोटात जो आहे त्याला ना सासू ठाऊक, ना गल्ली. त्याला औषध हवंय. खंड पडलाय, आता मोजणी पुन्हा एकपासून. आणि नवऱ्याला तू सांग. तुझ्या जिभेवर आलं नाही तर मला बोलाव, मी शेजारी बसेन.”

मी माझं काम केलं. पण इंजेक्शनाआधी तोमे-सान तिचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बसल्या होत्या, हे मी उघड्या डबीतून पाहिलं. पालुपदात हात आधी का येतो, दिवा नंतर का, ते मला त्या घरात उमगलं. आवडलं नाही, पण उमगलं.

पुढचे दोन दिवसही सकाळी आम्ही दोघी तिला टोचायला तशाच जाऊन आलो. त्यातल्या पहिल्या संध्याकाळी होडी लागली. त्या रात्री त्या घरात काय झालं ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते पुढच्या दुपारचं. भर बाजाराच्या वेळी तात्सुझो बाजूच्या दाराशी आला. रबरी बूट काढले, गुडघ्याएवढे, होडीचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेले. तोमे-साननी सवयीने ते पेटीसाठी उचलले.

“राहू देत बाई,” तो म्हणाला. “लग्नाआधी मला व्रण आला होता. गेला, म्हटलं सुटलो. तिच्या खडावांवरनं गावभर झालं. आता माझे बूट बघू देत.”

आणि त्याने ते स्वतःच्या हाताने, टोकं बाहेर करून, उंबऱ्याखाली मांडले. गल्लीतल्या बोलण्याला एकदम खीळ बसली. पेटी त्या दुपारी रिकामी होती. मला वाटलं, चला, आजचा दिवस माझा.

पण दिवस तिचाच निघाला. दुसऱ्या दिवशी हिसाए आली, आणि तिच्यामागे मात्सु आजी. सुनेच्या खडावा आजींनी वाकून स्वतः उचलल्या, पेटीत ठेवल्या, झाकण लावलं, आणि त्या झाकणावर चांगली मांड ठोकून बसल्या. गल्लीतून एक कोळीण डोकावली तशी म्हणाल्या, “काय बघतेस? म्हातारीचे पाय दुखतात, टेकलेय जरा.” रोज अर्धा तास, मोजणी पुरी होईपर्यंत, आजी तिथेच बसल्या. सुनेची माफी त्यांनी तोंडाने मागितलेली मी तरी ऐकली नाही.

भर बर्फाच्या दिवसांत बाळ झालं. मुलगी. रक्त तपासलं, स्वच्छ. वर्षाची झाल्यावर ती देवी टोचून घ्यायला आली, तेव्हा तिची वीतभराची पायताणं आजींनी त्या पेटीत ठेवली. माझ्याकडे बघून मुलीने भोकाड पसरलं.

पुढे एकदाच वापरायच्या सिरिंज आल्या आणि मी कपाटात गेले. पेटी अजून दाराशी आहे, अजून कामात आहे. आता तिच्यात लस टोचून घ्यायला आलेल्या पोरांचे शेंगदाण्याएवढे रंगीत बूट असतात. मला अजून तिचा राग येतो. पण एखाद्या दिवशी ती रिकामी दिसली की कुणी येतंय का म्हणून मी दाराकडे बघत बसते.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. आजार कुठलाही असो, दवाखान्यात वेळेवर जा आणि औषध पुरतं घ्या. आणि दवाखान्याच्या दाराशी कुणाची पायताणं दिसली, तर ती कुणाची हे ओळखू नका. ओळखलीत, तर वाकून ती कुणाला दिसणार नाहीत अशी आत सरकवा, आणि चालू लागा.