टेप संपली, खिडकी उरली

मित्रांनो, शिलाई मशीनच्या खणात कात्रीशेजारी गुंडाळून पडलेली पिवळी टेप पाहिलीत ना? ती मी. माझे आकडे पुसट झालेत, एका टोकाचा पत्रा कधीच निघून गेला. पण म्हणून मला मोडीत काढू नका. या घरात असा एक माणूस नाही ज्याची कंबर मला ठाऊक नाही. सांगत नाही कुणाला, एवढाच माझा चांगुलपणा.

कारखान्यात एका लांबच लांब पट्ट्यावर माझा जन्म झाला. अंगावर आकडे छापले, बहिणींपासून कापून वेगळं केलं आणि एका दुकानात काचेखाली ठेवलं. तिथून मला आमच्या बाईंनी आणलं. बाई या घरच्या कर्त्या. लोकांचे कपडे शिवायच्या, आणि मी दिवसभर त्यांच्या गळ्यात. दागिने घालायला त्यांना कधी सवड झाली नाही, त्यामुळे तो मान माझ्याकडेच राहिला.

मी पुष्कळ मापं घेतली. पण त्यांच्या मुलाचं पहिलं झबलं शिवताना मला त्याच्या इवल्या छातीभोवती धरलं, तेव्हा मी थक्क झाले. माप ठरेचना. ते बाळ श्वास घेई, मी फुगे. ते श्वास सोडी, मी सैल पडे. शेवटी बाईंनी मधे एक बोट घातलं आणि म्हणाल्या, श्वासाला जागा ठेवावी लागते. कारखान्यात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाईंचे यजमान बेकरीत रात्रपाळीला होते. तुम्ही त्यांना आजोबाच म्हणा. अंधार पडला की जायचे, रात्रभर भट्टीपुढे उभे राहायचे आणि उजाडायच्या आत परत येऊन झोपायचे. त्यामुळे या घराची रीतच उलटी. दिवसा सगळे कुजबुजणार, भांडायचं झालं तर संध्याकाळची वाट बघणार. आजोबांच्या खोलीच्या खिडकीला जाड काळा पडदा, आणि तो दिवसा कधी हलवायचा नाही.

पडदा विटला की बाई नवा शिवायच्या. पण आजोबांची झोप मोडेल म्हणून दिवसाउजेडी खिडकी कधी उघडी करून मोजली नाही. रात्री ते कामावर गेले की जुना पडदा काढून जमिनीवर पसरायचा, त्याच्यावर मला ठेवायचं, तेवढाच नवा कापायचा. आता कापड धुतलं की आटणारच. आटलेल्या पडद्याच्या मापाचा नवा, तोही आटला की त्याच्या मापाचा आणखी नवा. होता होता पडदा इतका अरुंद झाला की कडेने उजेडाची चीर आत यायला लागली. बाई तिथे पिना टोचायच्या.

मग आजोबांचं काम सुटलं. रात्रीचं जाणं थांबलं, पण दिवसा जागं राहणं त्यांना जमेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताटातलं निम्मं ताटातच. बाईंना वाटलं, ती चीरच त्यांना त्रास देते. त्यांनी आणखी जाड, काळंकुट्ट कापड आणलं आणि सुनेला मदतीला बोलावलं. सून नेहमीप्रमाणे हळू आवाजात म्हणाली,

"आई, पडद्याचं माप कशाला? खिडकीचंच घेऊ या."

"इतकी वर्षं पडदे शिवतेय मी. आता तू मला खिडकी दाखवणार?"

"तीच तर बघायचीय. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती पाहिलेली नाही."

बाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि दांडीवरून एकेक कडी सोडवली. पडदा धपकन खाली आला.

मित्रांनो, मी बाईंच्या गळ्यात होते, म्हणून सगळं मला नीट दिसलं. उजेड आत आला तो नुसता खिडकीपुरता नाही. तो पलंगावर चढला, कपाटाखाली शिरला, मी तपकिरी समजत होते ती भिंत त्याने पिवळी करून दाखवली. बाहेर एक भलं मोठं झाड, शेंड्यापासून खालपर्यंत लाल फुलांनी भरलेलं, आणि त्याच्यामागे आभाळ. मला वाटायचं, मोजता येत नाही असं जगात काही नसतं.

बाईंनी मला खालच्या चौकटीवर लावलं. सुनेने एका कोपऱ्यात टोक धरलं, बाई मला पसरत निघाल्या, आणि खिडकीच्या मध्यावरच मी संपले. उरलेली खिडकी तशीच पुढे. जिथे मी संपले तिथे कुणीतरी खूण धरायला हवी होती. बाईंनी मागे न बघता हाक मारली.

"अहो, इकडे या जरा. अंगठा ठेवायचाय."

कुजबुजल्या नाहीत, चांगल्या खणखणीत म्हणाल्या. सून जागीच थिजली. दिवसा त्या खोलीत एवढा आवाज कुणी केला नव्हता, आणि बऱ्याच दिवसांत आजोबांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं.

पलंग करकरला. आजोबा टेबलाचा आधार घेत, डोळे बारीक करून आले. भट्टीने भाजून टणक झालेला अंगठा त्यांनी माझ्या टोकावर ठेवला. ते श्वास घेत तसा तो माझ्यावर दाबला जाई, सोडत तसा सैल पडे, आणि मला त्या बाळाची छाती आठवली.

मला उचलून पुढे लावलं. माप झालं, सुनेने आकडा लिहून घेतला. आजोबांनी अंगठा काढला नाही. ते झाडाकडे बघत होते.

"रोज रात्री याच्याखालून गेलो," ते म्हणाले. "पायाखाली यायचं ते पाचोळा वाटायचं मला. फुलं होती होय?"

बाईंनी डोळ्यांत कचरा गेल्याची तक्रार केली, आणि त्याचा दोष पडद्यावर टाकला.

त्या जाड कापडाची शिलाई मशीनला खोळ झाली. पडदा शिवला तो पातळ, आणि दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना चांगली हातभर पुढे बसवून घेतली. पडदा सारला की सगळ्या चुण्या भिंतीवर जातात, काच पूर्ण मोकळी राहते. आजोबा आता खिडकीशी बसून जेवतात, मीठ कमी असलं तर तसं मोठ्याने सांगतात. चौकटीवरच्या जुन्या धुळीत त्यांच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे. कुठे डाग दिसला की फडकं घेऊन धावणाऱ्या बाई तेवढी जागा सोडून पुसतात.

तर मित्रांनो, मला ताणू नका, गाठी मारू नका, काम झालं की सैल गुंडाळून ठेवा. खिडकीचं माप हवं असेल तर खिडकीचंच घ्या. आणि मी अपुरी पडले तर लगेच लांब टेप आणायला पळू नका. घरात भिंतीकडे तोंड करून कुणी पडलं असेल, आधी त्याला हाक मारा. म्हणावं, ये जरा, अंगठा ठेवायचाय.