फवारणी पंपावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना फवारणी पंप आहे. पाठीवर घेऊन, हातानं दांडा मारत चालवायचा. साच्यातून निघालो तेव्हा पिवळाधमक होतो. आता उन्हानं रंग पार उडाला आहे.

मला स्ट्रॉबेरीच्या बागेत आणलं ते बागेच्या मालकांनी, दादांनी. वाफ्यांमधून ते इतके जपून चालत, की एकाही फुलाला धक्का लागत नसे. शेजारी म्हणत, "पंप असावा तर असा!" मी मनोमन सुखावत असे. पुढे दादांची कंबर धरली आणि मी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या पाठीवर आलो.

त्या वर्षी फुलं लागेनात. दादा म्हणाले, "यंदा फळ धरलं नाही, तर स्ट्रॉबेरीचा नाद सोडायचा." फुलोरा लवकर यावा म्हणून वहिनींनी संजीवक, म्हणजे झाडांची वाढ पळवणारं औषध आणलं. एका टाकीला एक पुडी, असं माप होतं. वहिनींनी एक पुडी ओतली, क्षणभर थांबल्या आणि दुसरीही ओतली.

पंधरवड्यात पानांचे देठ लांबून काडीसारखे झाले. फळं धरली ती वेडीवाकडी, बोट लावताच दबणारी. दादांची बहीण शेतीशाळेत शिकवायची. ती धावत आली.

"वहिनी, माप किती घेतलं होतं?"

"पुडीवर लिहिलंय तेवढंच," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "हा पंपच बिघडलाय, वन्सं. भसाभस ओततो."

माझी रवानगी शेडमागच्या अडगळीत झाली. पट्ट्यांवर गोगलगायी फिरू लागल्या.

बहिणीनं पंप तपासला असता तर खरं कळलं असतं; पण दादांनी घाई केली. नुसत्या पंपानं एवढं होणार नाही, रोपांनाच रोग आहे असं समजून ते बाग उपटू लागले. चार वाफे रिकामे झाले आणि वहिनींना राहवेना.

"अहो, थांबा! रोग नाही, आणि पंपाचाही दोष नाही. मीच दुप्पट टाकलं."

दादांनी हातातलं रोप खाली ठेवलं. "अगं, एका शब्दानं सांगायचंस ना!"

"आता तरी बोललात ते बरं झालं," बहीण म्हणाली. "झाडं जिवंत आहेत. त्यांना पळवणं पुरे, आता पोटाला घालू."

माती तपासली, तर फळाला टणकपणा देणारं पालाश कमी निघालं. संजीवक थांबलं. लांबलेली पानं छाटली, कुजलेलं शेणखत घातलं, ठिबकमधून पाण्यात विरघळणारं खत थोडंथोडं सुरू झालं. हंगाम सरता सरता उरलेल्या वाफ्यांवर टणक, लालबुंद फळं आली.

वहिनींनी मला बाहेर काढलं, तीनदा धुतलं आणि हळूच म्हणाल्या, "चुकलं रे माझं."

मित्रांनो, औषध मोजून घ्या, काम झाल्यावर आम्हाला धुऊन ठेवा. आणि हात चुकला, तर त्याच दिवशी सांगून टाका. वहिनी एक दिवस आधी बोलल्या असत्या, तर ते चार वाफेही वाचले असते.