सगळ्यांची एक मेणबत्ती

भागीरथाबाई एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. त्यांना वळवायची नाचणगावात कोणाची टाप नव्हती. नवऱ्याच्या, नानाजींच्या, पहिल्या स्मृतिदिनाला घरात एकच मेणबत्ती लागणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

"आई, लोकं आपापली घेऊन येतीन. त्याईले नाई म्हणशीन?" मुलगा धम्मदीप काकुळतीला आला.

"म्हणीन. तोंड हाय मले."

कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी, नानाजी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला, आल्यागेल्या प्रत्येकानं मेणबत्ती लावली, तीही फोटोपुढच्या प्लास्टिकच्या टेबलावर, एकीला एक खेटून. वरून पंखा गरगरतोय! सगळ्या भराभर वितळल्या, नागसेनची कलंडली, हार पेटला आणि फोटो गेला. नागसेन म्हणजे नानाजींचा धाकटा भाऊ. "मीच जाळलं माह्या भावाले," म्हणत तो पुलगावला गेला, तो पुन्हा या घराची पायरी चढला नाही. भागीरथाबाईंना आज दुसरं काही नको होतं, दीर घरात हवा होता. फोनवर त्यांनी बजावलंच होतं, "तुम्ही नाई आले तं मीच येईन तिथं, पंगत घेऊन!"

गेल्या वर्षीचे अर्धवट तुकडे त्यांनी जपून ठेवले होते. सून मेघा मेणाचा डबा थेट गॅसवर ठेवायला निघाली, तर "घर पेटवतं का बाई?" म्हणत त्यांनी तो गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. स्टीलच्या गिलासात सुती वात उभी करून मेण ओतलं, वात नखाएवढी कातरली. गिलास परातीतल्या रेतीत बसवला. पडदा दूर, हार दूर, पंखा बंद. आता काय बिशाद आहे पेटायची!

नागसेन आला, पण दारातच थबकला. "वहिनी, मी लावत नाई. माह्या हातानं नको."

"भाऊजी, याच्यात सगळ्याईचे तुकडे हायेत. तुमचाबी हाय. आता तो कसा येचून काढू, सांगा!"

नागसेननं काडी ओढली. वंदना झाली. लोकांनी आणलेली मेणबत्त्यांची पाकिटं भागीरथाबाईंनी ज्याची त्याला परत दिली. कोणी रुसलं नाही.

पंगत बसली तरी नागसेन हलेना. "तुम्ही जेवा. मी बसतो जोतीपाशी."

"माणसं उठली का जोत एकटी ठेवाची नाई. अन् माणूस उपाशी ठेवाचा नाई." त्यांनी त्याच्या हातात वाटी दिली. "झाका."

"दादाची जोत मी विझवू?" त्यानं वाटी परत पुढं केली.

"तुम्हीच. अन् उद्या लावालेबी तुम्हीच येजा. मेण लय हाय अजून."

त्यानं गिलासावर वाटी उपडी घातली, डोळे पुसले आणि ताटावर येऊन बसला. पहिला घास घेऊन म्हणाला, "वहिनी, भाजीत मीठ कमी हाय."

नानाजी गेल्यापासून भागीरथाबाईंच्या भाजीला नाव ठेवायची कोणाची हिंमत झाली नव्हती. त्या मीठ आणायला आत गेल्या आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडल्या.