काठीवरचं घुबड आणि तिसरा ठिपका

‘आजोबा, तुम्ही पक्षी खरंच ओळखता, की उगाच देता ठोकून?’

रोवेनाने विचारलं आणि तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींच्या कोटात तोंड खुपसून खिदळल्या. ‘विचारून दाखव!’ अशी पैज त्यांनीच लावली होती. कड्यावर खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी मंडळी कान टवकारून ऐकू लागली. एल्वुड किस्लर आजोबांनी डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतली.

‘कधी कधी देतो ठोकून,’ ते म्हणाले. ‘मग पक्षी जवळ येतो आणि सगळ्यांदेखत माझं नाक कापतो.’

मित्रांनो, हे सगळं मी वरून पाहत होतो. मी म्हणजे खुर्च्यांमागच्या उंच काठीवर खोचलेलं प्लास्टिकचं घुबड. जुनं म्हणा, रंग उडालेलं म्हणा, बिचारं मात्र म्हणू नका! माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालो तेव्हा आत नुसती हवा होती, अजूनही तीच आहे. पहिली नोकरी टोमॅटोच्या वाफ्यात, कावळ्यांना पळवून लावायची. कावळे आठवडाभर घाबरले, मग माझ्याच डोक्यावर बसून टोमॅटो खाऊ लागले. वाफ्याच्या मालकीणबाईंनी मला कचऱ्यात टाकलं. तिथून एल्वुड आजोबांनी मला उचललं, अंगाला टर्की कोंबडीची पिसं चिकटवली आणि पेनसिल्व्हेनियातल्या या डोंगरावर आणून उभं केलं.

इथलं काम अगदी उलटं. थंडी पडू लागली की शिकारी पक्षी या कड्यावरून दक्षिणेला जातात. घुबड दिसलं की त्यांचं डोकं फिरतं. ते थेट माझ्यावर झडप घालतात आणि खालच्या मंडळींना जवळून दिसतात. माझ्या कपाळावरचे ओरखडे बघा! एक कान तर ससाण्याने नेला. ‘मान फिरवणारं नवं घुबड आणू या,’ असं खुर्च्यांवरच्या मंडळींतले हार्लनकाका दर वर्षी म्हणतात. आणा खुशाल! मार खाऊन ताठ उभं राहायला त्याला शिकवणार कोण?

पण गोष्ट रोवेनाची. कड्यावरचा नियम असा की नव्या माणसाने पहिला मोसम नुसतं बघायचं. लांबच्या ठिपक्याचं नाव पुकारायचं ते जुन्यांनीच. त्या पैजेच्या दिवसानंतर रोवेना एकटीच येऊ लागली आणि कितीतरी रविवार ओठ दाबून बसली. आपण पुकारलेलं नाव या लोकांनी एकदा तरी ऐकून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

मग एका रविवारी दुपारी खिंडीवर तीन काळे ठिपके आले.

‘गिधाडं,’ हार्लनकाका दुर्बीण न उचलताच म्हणाले. ‘कॉफी कोणाला?’

‘तिसरं गिधाड नाही!’

सगळ्या माना रोवेनाकडे वळल्या.

‘पोरी, तुझा नंबर पुढच्या वर्षी,’ हार्लनकाका म्हणाले. ‘सँडविच खा.’

‘काका, पहिली दोन बघा, झिंगल्यासारखी डुलतायत. गिधाडं तशीच उडतात. तिसऱ्याचे पंख फळीसारखे आहेत, जरासुद्धा डुलत नाहीत.’

‘मग आहे काय ते?’ आजोबांनी विचारलं. ‘अर्धं बोलून इथे चालत नाही. नाव घे.’

रोवेनाचे कान लाल झाले. ‘सोनेरी गरुड!’

ज्याच्यासाठी माणसं गारठत बसतात, तो पक्षी! सगळे ताडकन उठले. ठिपका मोठा झाला, माझ्या डोक्यावरून गेला. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

‘बगला पांढऱ्या,’ आजोबा हळूच म्हणाले.

म्हणजे तो सोनेरी नव्हे, पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचा बच्चा होता. त्याचं डोकं पांढरं व्हायला काही वर्षं जातात, आणि तोवर तो इथल्या भल्याभल्यांना असाच चकवतो.

‘सोनेरी म्हणे!’ हार्लनकाका हसले, त्यांच्यामागे सगळेच.

रोवेना रडणार, असं मला वाटलं. पण ती सरळ खडकावर चढली. ‘चुकले! मला सोनेरी हवा होता म्हणून मी सोनेरी म्हटलं. पण गरुड होता ना? तुम्ही तर बघितलंसुद्धा नव्हतं, काका!’

हार्लनकाकांनी पेला ठेवला आणि घाईने दुर्बीण उचलली.

‘हार्लन, तुझं गिधाड उडालं बघ,’ आजोबा म्हणाले. मग रोवेनाकडे वळून, ‘शनिवारी स्वतःची खुर्ची आण. आमच्या रांगेत बस, आणि दिसेल ते पुकार.’

मित्रांनो, कोणी पहिल्यांदाच मोठ्याने काही म्हटलं आणि ते चुकलं, तर त्याला हसून खाली बसवू नका. आणि रंग उडालेली वस्तू फेकण्याआधी तिला दुसरं काम देऊन बघा. मी आतून पोकळ आहे, पण एवढं मलाही कळतं.

संध्याकाळी रोवेनाचे आईबाबा धापा टाकत वर आले.

‘चल गं,’ बाबा म्हणाले. ‘शनिवारी शाळेच्या बँडची मिरवणूक आहे, आणि तुझ्या ट्रम्पेटवर धूळ बसलीय.’

‘आणि नाक बघ किती लाल झालंय!’ आई म्हणाली.

‘आई, बाबा, आधी बसा त्या दगडावर,’ रोवेना म्हणाली. ‘बसलात? मी बँड सोडतेय. बर्फ पडेपर्यंत दर शनिवार-रविवार मी इथे पक्ष्यांची नावं पुकारणार आहे. बरीचशी चुकतील. तरी मोठ्यानेच पुकारणार!’